ओला, सुका आणि निराधार

इंदूरच्या दक्षिण तुकोगंजात नाथमंदिराच्या गल्लीत सकाळी गाणं वाजवत कचरागाडी येते. ओलं वेगळं, सुकं वेगळं. सरमिसळ केलीत तर दारातच हटकतात. 2017 पासून देशात स्वच्छतेचा पहिला नंबर काय उगाच येतो? निराधार म्हाताऱ्यासाठी मात्र डबा ठरलेला नाही. त्याचा रैन बसेरा महापालिकेकडे, पेन्शन सामाजिक न्याय खात्याकडे, खोकला आरोग्य खात्याकडे. समन्वय साधायचा तर आधी त्या देहाची तीन टेबलांवर वाटणी करावी लागेल.

29 जानेवारी 2021 रोजी महापालिकेच्या माणसांनी हा गुंता एकट्यांनीच सोडवला. बेघर वृद्धांना ट्रकमध्ये भरलं आणि देवास रस्त्यावर क्षिप्रा गावाजवळ उतरवलं. गावकऱ्यांनी मोबाइलवर चित्रण केलं, जाब विचारला, तेव्हा त्या वृद्धांना परत चढवण्यात आलं. उपायुक्त निलंबित झाले आणि जिल्हाधिकाऱ्यांनी खजराना गणपतीपुढे क्षमा मागितली. (गणपतीला कुणी ट्रकमध्ये घातलं नव्हतं, पण तो ऐकून घेतो.) संयुक्त कामकाज म्हणायचं तर ते एवढंच: ट्रक पालिकेचा, मोबाइल गावकऱ्यांचा, माफी देवाकडची. डॉक्टरचं काय? अशा फेरीला त्याची सही लागत नाही, तेवढीच सोय.