शून्य तिकीट

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही पाच जणांनी ‘जवळच कुठंतरी, साधंसं’ जाऊन यायचं ठरवलं आणि चार हजार सहाशे रुपयांत साधंसं जाऊन आलो. हिशोब माझ्याकडं लेखी आहे, कारण आबांनी तो मागून घेतला. तिघांच्या ट्रॅम्पोलिनवरच्या उड्या, माणशी सातशे. उड्या मारताना पाय घसरू नये म्हणून त्यांच्याच दुकानातले मोजे सक्तीचे, जोडी साठ रुपये. आई-आबा उडणार नव्हते, पण उडणाऱ्यांकडं बघणार होते, त्यामुळं बघणावळ दीडशे दीडशे. जाता-येता टॅक्सी आठशे चाळीस. उरलेले खाण्यात गेले, आणि खाल्लं काय ते आता आठवत नाही.

“उड्या माराय सातशे रुपयं?” आबा डायरीतून मान वर न काढता म्हणाले. “तू ल्हान असताना पलंगावर उड्या मारतोस म्हणून मी दोन धपाटं घातलं हुतं. ते फुकट हुतं.”

आबा गडहिंग्लजचे. पस्तीस वर्षं साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कारखान्यातून निवृत्त झाले, टाइमकीपिंगमधून झालेले नाहीत. नातीला सोबत म्हणून तीन महिन्यांसाठी बेंगळूरमधल्या बेळ्ळंदूरला आले आणि पहिल्याच दिवसापासून आमच्या येण्याजाण्याची नोंद ठेवू लागले. त्या रविवारची नोंद अशी: ‘१०.०५ सोसायटीचे फाटक. १०.२५ फाटक अजून मागे दिसते. १०.५० इब्बलूर पूल, खाली. ११.१५ इब्बलूर पूल, तिथेच. ११.१५ ते ११.४० चि. झोपला.’ चि. म्हणजे मी.

बेळ्ळंदूरच्या माणसाला सहल म्हणजे काय ते इथं बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. आमच्या एका अंगाला आउटर रिंग रोड, दुसऱ्या अंगाला सर्जापूर रोड, आणि ते दोन्ही जिथं भेटतात त्या इब्बलूरला सगळे जण एकमेकांना भेटतात आणि मग कुणी कुणाला सोडत नाही. ज्या ठिकाणी जायचं ते बहुधा फुकट असतं किंवा दहा-वीस रुपयांचं. पैसे पडतात ते फाटकापासून इब्बलूरपर्यंत पोचण्याचे. त्यामुळं चतुर माणसांनी बेळ्ळंदूरमध्येच बेळ्ळंदूरबाहेरच्या गोष्टी आणून ठेवल्यात. उडी मारायला खोली आहे, माती हाताळायला खोली आहे, शेळीच्या पिलांना कुरवाळायला कुंपण आहे. माझ्या मुलीनं तासाला चारशे रुपये देऊन भाकरी थापली. आईनं ते पाहिलं आणि त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही.

वीस-पंचविशीतल्या पोरांची तऱ्हा वेगळी. ती पीजीत राहतात, एका खोलीत तिघं, आणि आठवडाभर खर्च वाचवून शनिवारी एका रात्रीत उडवतात. ज्यांना निसर्गाची आवड आहे ती नंदी बेट्टाला जातात. मध्यरात्री निघायचं, उजाडायच्या आत १,४७८ मीटर उंचीवर पोचायचं आणि ढगातून सूर्य बघायचा, असा बेत असतो. गांधीजी तिथं दोनदा, १९२७ आणि १९३६ मध्ये, विश्रांतीला राहिले होते. आता विश्रांती फाटकाबाहेरच्या गाड्यांच्या रांगेतच मिळते. आमच्या शेजारच्या पोरानं गेल्या वेळी सूर्योदय पाहिला तो स्कूटरच्या आरशात, आणि तरी त्याला तीनशे लाइक पडले.

आता तळ्याबद्दल. बेळ्ळंदूरला येऊन तळं बघायचं नाही म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा चुकवण्यासारखं. शहरातलं सगळ्यात मोठं तळं ते, सुमारे ९०० एकरांचं, आणि आमच्या घराला ‘लेक व्ह्यू’ आहे. एजंटानं मला बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात नेलं, कठड्यावरून वाकायला सांगितलं आणि मागून माझा पट्टा धरून ठेवला. तो व्ह्यू. त्यासाठी महिन्याला तीन हजार रुपये जास्त.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच तळ्यावर कॅटालिना विमानं उतरत. पाण्यावर उतरणारी ती धूडं शेजारच्या एचएएलच्या विमान कारखान्यात दुरुस्तीला येत. मग शहर वाढलं आणि घराघरातल्या मोरीतून साबणाचं पाणी तळ्याला भेटायला आलं. ते सांडव्यावरून खाली पडताना ताकासारखं घुसळून निघतं आणि फेस होतो. २०१५ च्या सुमाराला हा फेस वाऱ्यावर उडत रस्त्यावर यायला लागला, दुचाकीवाले त्यातून दाढीला बसल्यासारखे तोंड भरून बाहेर पडत. त्याच वर्षी मे महिन्यात तळं पेटलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा पेटलं. जानेवारी २०१८ मध्ये तर विझवायला लष्कराचे जवान आणावे लागले. पाणी विझवायला सैन्य, हे दृश्य जगात फार ठिकाणी फुकट बघायला मिळत नसेल. पाहुणे यायचे, आम्ही त्यांना कोपऱ्यात नेऊन वाकायला सांगायचो. माझ्या मते बेळ्ळंदूरचं खरं पर्यटन तेवढीच दोन-तीन वर्षं झालं. डिसेंबर २०१८ मध्ये हरित लवादानं राज्य सरकारला ५० कोटींचा दणका दिला आणि तळी सुधारण्यासाठी ५०० कोटी बाजूला काढून ठेवायला सांगितले. त्यानंतर गाळ काढण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. तळ्याकाठी बसून दाणे खाण्याची किंमत पाचशे कोटी निघते म्हटल्यावर माझे चार हजार सहाशे मला अगदीच किरकोळ वाटायला लागले. आबांना वाटेनात.

“पुढच्या ऐतवारी मी न्हेतो तुमास्नी,” ते म्हणाले.

आबांपाशी एक हत्यार आहे जे माझ्यापाशी नाही. आबांना कन्नड येतं. गडहिंग्लजच्या बाजारात निम्मा सौदा त्याच भाषेत होतो. मी बेळ्ळंदूरला नऊ वर्षं आहे आणि मला फक्त ‘कन्नड येत नाही’ एवढंच कन्नडमध्ये सांगता येतं. ते मात्र मी अस्खलित सांगतो. आबांनी दोन आठवड्यांत शहाळीवाला, इस्त्रीवाला आणि बसचा कंडक्टर असे तिघे जण सोयरे करून ठेवले होते. त्यांचं कन्नड उत्तरेकडचं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘री’, त्यामुळं इथले लोक हसत, पण हसता हसता सगळी माहिती देत. मी जी माहिती नऊ वर्षं फोनमध्ये शोधत होतो ती शहाळीवाल्याकडं होती.

पहिली सहल कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याची. सर्जापूर रोडला लागूनच आहे, घरापासून चालत. हे तळंही मरणपंथाला लागलं होतं. आसपासचे रहिवासी पालिकेच्या मागं लागले आणि त्यांनी ते जगवलं. काठानं पायवाट आहे, पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात, आणि जायला पैसे लागत नाहीत. आम्ही फाटकापाशी पाच मिनिटं थांबलो, कारण बायको तिकिटाची खिडकी शोधत होती. खिडकी सापडेना तेव्हा ती जरा बिथरली. “नक्की आत जाऊ देतात ना?” तिनं दोनदा विचारलं. आबांच्या डायरीत त्या दिवसापुढं खर्चाच्या रकान्यात लिहिलंय: ‘शहाळी ३. स्वेच्छेने.’

दुसरी सहल बेगूरची, बसनं. इथं एक आर्थिक पेच उभा राहिला. कर्नाटकात जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे, पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला हवा. बायकोचा आहे. कंडक्टरनं तिला रीतसर शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं आणि तिनं ते पर्समध्ये असं जपून ठेवलं की लग्नाची पत्रिकाही तिनं तशी ठेवली नव्हती. आईचा पत्ता गडहिंग्लजचा, म्हणून तिला पूर्ण तिकीट. “आमच्या यष्टीत बायकास्नी निम्मं हाय,” आईनं कंडक्टरला सुनावलं. आबांनी भाषांतर केलं. “यांना पंच्याहत्तरी झाली की फुकटच.” आबांनी तेही भाषांतर केलं, वर स्वतःला अजून दोन वर्षं आहेत हे जोडलं. कंडक्टरनं सहानुभूती दाखवली आणि पैसे घेतले. एका बाकावर सासू पैसे भरून आणि सून शून्यावर, असं आमचं घराणं बेगूरपर्यंत गेलं. वाटेत एका पाटीवर ‘मारतहळ्ळी’ वाचून दाखवली तेव्हा आईनं विचारलं, “मराठ्यांची हळ्ळी काय रं?” तशी एक समजूत आहे, आणि एचएएलच्या ‘मारुत’ विमानावरून नाव पडलं अशी दुसरी. आईनं पहिली ठेवून घेतली. विमानाची बाजू ज्याला तपासायची असेल त्यानं जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या एचएएलच्या संग्रहालयात जावं, तिथं खरंखुरं मारुत उभं आहे. मुलांना त्याच्याभोवती मनसोक्त पळता येतं आणि मोजे आपलेच चालतात.

बेगूरला नागेश्वराचं जुनं देऊळ आहे. तिथल्या एका वीरगळावर इसवी सनाच्या ८९० च्या आसपासचा लेख कोरलाय, आणि त्यात ‘बेंगळूरु’ हे नाव येतं. या शहराचा ठाऊक असलेला हा पहिला उल्लेख. (राजाला म्हातारीनं उकडलेल्या शेंगा दिल्या आणि ‘बेंद काळूरु’ नाव पडलं ही गोष्ट त्यानंतर काही शतकांनी घडल्याचं सांगतात, म्हणजे शेंगा बऱ्याच उशिरा शिजल्या.) लेखात म्हटलंय की बुट्टणशेट्टी नावाचा वीर बेंगळूरच्या लढाईत पडला. आबा तिथं बराच वेळ उभे राहिले. शहराची पहिली नोंद कामी आलेल्या माणसाची आहे, आणि तो कामी आला ती जागा इब्बलूरपासून कितीशी लांब असेल, याचा ते अंदाज घेत होते.

देवळात मोजून नऊ माणसं होती. परतताना एका मॉलवरून आलो. गाड्या आत घेण्यासाठीच अर्ध्या किलोमीटरची रांग होती.

तिसऱ्या रविवारी मल्लेश्वरम्. बसनं मॅजेस्टिकच्या बसस्थानकापर्यंत, तिथून पुढं. काडु मल्लेश्वराचं देऊळ व्यंकोजीराजांनी बांधलं, शिवाजीमहाराजांच्या सावत्र भावानं. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी बेंगळूर घेतलं आणि पुढं ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, हे आपल्याकडं शाळेत शिकवतात. तरी आमच्यातले निम्मे लोक इथं येऊन आपणच पहिले मराठी आलो अशा थाटात मंडळाच्या गणपतीत भेटतात. १६८७ मध्ये शहर मुघलांनी घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना देऊन टाकलं, तीन लाख रुपयांना.

“किती?” आबांनी विचारलं.

“तीन लाख.”

“आनि तू डिपॉझिट किती भरलंयस?”

साडेतीन. त्यात दोन खोल्या, वाकून दिसणारं तळं आणि भिंतीला खिळा ठोकायला मनाई. आबांनी हा आकडा डायरीत लिहिला नाही. काही गोष्टी टाइमकीपरही सोडून देतो.

एवढ्यावर गोष्ट घरातच राहिली असती. पण मुलीनं शाळेत सांगितलं, तिथून ती दुसऱ्या टॉवरमध्ये गेली, आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं की ते आजोबा नेमके कुणाला घेऊन, कुठं, कितीला जातात. ‘फुकट’ हे उत्तर कुणाला पटेना. दोघांनी लिहिलं, यात काहीतरी गोम असणार. एकीनं विचारलं, विमा आहे का? शेवटी सांस्कृतिक समितीची बैठक झाली आणि चौथ्या रविवारचा कार्यक्रम लिफ्टमध्ये लागला: ‘लेक अँड हेरिटेज वॉक, एका अस्सल स्थानिकासोबत’. माणशी ६९९ रुपये. त्यात वातानुकूलित मिनीबस, टोपी, पाण्याची बाटली आणि नाश्त्याचा डबा. कैकोंड्रहळ्ळीला चालत पंधरा मिनिटं लागतात, मिनीबसला पाऊण तास धरलाय.

अस्सल स्थानिक म्हणजे गडहिंग्लजचे आबा. समितीनं त्यांना मानधन विचारलं. त्यांनी नको म्हटलं, टोपीही नको म्हटली, आणि मिनीबसमध्ये बसायलाही नकार दिला. “तुमी या सावकाश,” ते म्हणाले, “मी फुडं जाऊन थांबतो. किती वाजता पोचतासा ते लिवून ठेवतो.”

साठ जागा चार तासांत भरल्या. वडिलांचा कार्यक्रम आणि आपण नाही, हे बरं दिसलं नसतं, म्हणून मीही आमच्या तिघांचे दोन हजार सत्याण्णव रुपये भरले. अर्जात शेवटचा प्रश्न होता: ‘या उपक्रमाची माहिती आपल्याला कुठून मिळाली?’ पर्याय चार. व्हॉट्सअॅप, लिफ्टमधला फलक, इन्स्टाग्राम, इतर. मी ‘इतर’वर खूण केली.