५०० मीटरची दूरदृष्टी

आपल्या समाजात दूरदृष्टी उरली नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एखाद्या जाणत्या चालकाशेजारी बसून पाहावे. पडद्यावर नकाशा सरकत असतो, काटा १३० च्या आसपास स्थिरावलेला असतो, गप्पा रंगात आलेल्या असतात. आणि नॅव्हिगेशनमधली बाई शांत आवाजात सांगते की पुढे ५०० मीटरवर स्पीड कॅमेरा आहे. गप्पा थांबत नाहीत. ॲक्सिलरेटरवरचा पाय मात्र आपसूक उचलला जातो. गँट्रीखालून गाडी ९८ च्या वेगाने, एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाची असावी तशी जाते आणि पुढचा बोगदा येईपर्यंत पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर येते. कायद्याला जेवढा मान द्यायचा तेवढाच, मीटरात मोजून देणारा नागरिक जगाच्या पाठीवर फार ठिकाणी सापडणार नाही.

या मानाचे सारे श्रेय सूचनेच्या अंतराला आहे, म्हणून ते अंतर ठरवणे हे जबाबदारीचे काम मानले पाहिजे. गूगल मॅप्सने २०१९ मध्ये भारतासह अनेक देशांत कॅमेऱ्याची सूचना सुरू केली तेव्हा सर्वसामान्यांची सोय झाली. जाणता चालक मात्र दुसऱ्याने ठरवून दिलेल्या अंतरावर समाधान मानत नाही. अंतर स्वतः ठरवता येईल असेच उपकरण किंवा ॲप तो शोधून काढतो, आणि नव्या गाडीत बसल्यावर आरसे जुळवण्याच्या आधी सेटिंग्जमध्ये शिरतो. सीटबेल्टसाठी कटकट करणारा आवाज त्याने बाजारात मिळणारी क्लिप खाचेत अडकवून कधीच बंद केलेला असतो. गाडीत आवाज मोजकेच असावेत आणि ते कामाचे असावेत, हा विचार योग्यच आहे.

किती मीटर आधी, यावर मतभेद आहेत आणि ते अभ्यासू आहेत. ताशी १३० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३६ मीटर जाते. म्हणजे ३०० मीटरची सूचना लावली तर हाताशी आठ सेकंद राहतात. नुसता पाय काढून १०० वर यायला ती जेमतेम पुरतात. ब्रेकचा दिवा लागत नाही, डौल राहतो. एक किलोमीटरवाल्यांचा पक्ष सावध आहे, पण त्यांच्या पद्धतीत चालकाला सुमारे अर्धा मिनिट कायदेशीर वेगाने जावे लागण्याचा धोका संभवतो, आणि इतका काळ कोणालाही कायद्यात ठेवणे हा जुलूमच म्हणायचा. त्यामुळे बहुमत ५०० मीटरकडे झुकले आहे. चौदा सेकंद. तेवढ्यात वेग कमी होतो, शेजारच्याला 'इथे कॅमेरा आहे' असे सांगून होते, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आदर पाहायलाही सवड मिळते.

खरे तज्ज्ञ याच्याही पुढे गेले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की अंतर मीटरात ठरवणे हेच मुळात अशास्त्रीय. कोणी १६० ने जात असेल तर त्याचे ५०० मीटर अकरा सेकंदांत संपतात, म्हणून सूचना सेकंदांत हवी. यातून एक महत्त्वाचे तत्त्व निघते: माणूस जितका वेगात, तितका त्याला लांबचा विचार करावा लागतो. ८० ने जाणाऱ्याच्या हे कधी लक्षात येत नाही. त्याला सूचनेची गरजच पडत नाही, आणि ज्याला गरज पडत नाही त्याची बुद्धी वाढणार तरी कशी? तज्ज्ञ चालक काट्यावरही विसंबत नाही. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो हे त्याला ठाऊक असते. तो उपग्रहाने मोजलेला वेग पाहतो. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह, त्यांतली अणुघड्याळे, त्या घड्याळांना आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तानुसार कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या, ही सगळी यंत्रणा पनवेल ते देहूरोड या टापूत २,००० रुपयांचे चलन वाचवण्यासाठी राबते. विज्ञान जनसामान्यांपर्यंत पोहोचत नाही, असे यापुढे कोणी म्हणू नये.

या छंदाला मोठी परंपराही आहे. वेग मोजणारा कॅमेरा ज्यांच्यामुळे जगभर गेला ते मॉरिट्स गॅट्सोनिडिस हे नेदरलँड्सचे रॅलीपटू. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्यांनी जिंकली होती. वळणावर आपण नेमके किती वेगात जातो आणि आणखी किती जाऊ शकू, हे कळावे म्हणून त्यांनी वेग मोजायचे यंत्र बनवले. पुढे तेच यंत्र पोलिसांच्या हाती गेले. म्हणजे कॅमेरा जन्माला आला तो वेग वाढवण्यासाठी. वेग आवरण्याचे काम त्याच्या गळ्यात नंतर पडले. दोन कॅमेऱ्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात जो चालक गाडी पळवतो, तो त्या यंत्राला त्याच्या मूळ हेतूची आठवण करून देत असतो. त्याला बेशिस्त म्हणणाऱ्यांचे वाचन कमी पडते.

शासनही या बाबतीत सहकार्याच्या भूमिकेत आहे, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. वेग टिपणाऱ्या यंत्रांच्या आधी ठळक फलक लावावा, असे तो सांगतो. यंत्रे कुठे बसवावीत हेही त्यात आहे: जास्त धोक्याच्या आणि जास्त रहदारीच्या मार्गांवर. एकाच रस्त्यावर सरकारने फलक लावावा आणि नागरिकाने सूचना लावावी, म्हणजे कोणाला नकळत पकडले जाण्याचा अपमान सोसावा लागत नाही. शिक्षणाधिकारी तपासणीला येणार ती तारीख शाळेला आधी कळवायची आपली जुनी रीत आहे. त्या दिवशी फळ्यावर सुविचार असतो, वर्ग झाडलेले असतात आणि पटावरची सगळी मुले हजर असतात. ती रीत आता महामार्गावर आली, इतकेच.

मध्यंतरी एक विघ्न मात्र आले. जुलै २०२४ पासून द्रुतगती मार्गावर जी नवी वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली, ती एका जागचा वेग पाहून थांबत नाही. दोन ठिकाणांमधल्या अंतराला लागलेला वेळ पाहून ती सरासरी वेगही काढते. ५०० मीटर आधी पाय उचलणाऱ्याची सारी साधना यामुळे पाण्यात जाणार, अशी भीती होती. मराठी माणूस डगमगला नाही. सरासरी म्हणजे काय हे आपण शाळेत शिकलो आहोत. पहिला टप्पा १४० ने काटायचा आणि मग फूड मॉलवर वडापाव, चहा आणि पुन्हा चहा असा वेळ घालवायचा, की हिशेब जुळतो. वाचवलेला वेळ तिथेच, ताटकळत, खर्च होतो. पण तो आपण वाचवलेला असतो, हे समाधान वेगळे.

परदेशात काय चालते ते पाहिले की आपल्याकडच्या मोकळेपणाचे महत्त्व पटते. जर्मनीत गाडी चालवताना अशी सूचना देणारे उपकरण किंवा ॲप वापरायला बंदी आहे. पकडले तर ७५ युरो दंड आणि परवान्यावर गुण. स्वित्झर्लंडमध्ये तर असे उपकरण नुसते गाडीत सापडले तरी जप्त होते. फ्रान्सने २०१२ मध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणे बंद केले आणि त्याऐवजी 'धोक्याचा पट्टा' सांगायची सवलत दिली: वस्तीत ३०० मीटर, बाहेरच्या रस्त्यावर दोन किलोमीटर, महामार्गावर चार किलोमीटर. त्या चार किलोमीटरांत कॅमेरा कुठे आहे ते कळत नाही, कधी कधी तो नसतोही; आणि बिचाऱ्या फ्रेंच माणसाला सगळा पट्टा सावकाश जावे लागते. तिथे धोका या शब्दाचा अर्थ अजून अपघात असाच लावतात. आपण त्यात पुष्कळ प्रगती केली आहे. आपल्याकडे धोका म्हणजे चलन.

काही नतद्रष्ट लोक इथे भौतिकशास्त्र मध्ये आणतात. त्यांचा हिशेब असा: रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम आणि चालक एका सेकंदात सावध होणारा, असे सगळे जमून आले तर १०० ने जाणारी गाडी साधारण ८५ मीटरांत थांबते. १३० ने जाणारी गाडी त्याच क्षणी ब्रेक लावूनही त्याच जागी पोहोचते तेव्हा तिचा वेग अजून ९० च्या आसपास असतो. पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरी ९० ने आदळते. पुढे काय उभे असते, हा प्रश्न त्यांनी विचारू नये. बहुधा बिघडलेला ट्रक असतो, मागचे दिवे बंद, आणि त्याच्यामागे इशारा म्हणून टाकलेली झाडाची फांदी व दोन दगड. कधी टायर बदलायला उतरलेला क्लीनर असतो. फांदीची नोंद नकाशात नसते. क्लीनरचीही नसते. त्यांच्यापोटी चलन फाटत नाही, तेव्हा सूचनाप्रणालीने त्यांची दखल का घ्यावी?

गँट्रीच्या अलीकडे जो सामुदायिक ब्रेक लागतो त्याविषयीही नाहक बोलले जाते. पुढच्या गाडीने सूचना ऐकून वेग उतरवला आणि मागची तिच्यावर चढली, तर दोष मागच्याचा. त्याने आपले अंतर ५०० वर का ठेवले नव्हते?

वेळेची बचत हा या साऱ्याचा पाया आहे, म्हणून तीही तपासू. हा मार्ग सुमारे ९४.५ किलोमीटरचा. सगळा १०० ने कापला तर ५७ मिनिटे लागतात, सगळा १३० ने कापला तर ४४. घाटात गाड्यांना ६० ची मर्यादा आहे आणि उजव्या लेनमधून कंटेनर चढत असतात, त्यामुळे यातली काही मिनिटे बोरघाट परत मागून घेतो. तरी समजा दहा मिनिटे उरली. ही दहा मिनिटे माणूस पुण्यात उतरताच वाकडच्या कोंडीत सत्कारणी लावतो. उलट दिशेने येणारा कळंबोलीत लावतो. दहा मिनिटे लवकर कोंडीत उभे राहण्याचे मोल पैशात करता येत नाही.

मागच्या सीटवरच्या मुलांवर होणारे संस्कार हा तर या विषयाचा सर्वांत हृद्य भाग. पाच-सहा वर्षांचे पोर सूचनेचा आवाज ऐकते, बाबांचा पाय उचललेला पाहते, गँट्री मागे पडल्यावर इंजिनाचा आवाज चढलेला ऐकते. पुढच्या खेपेला तेच आधी ओरडते, "बाबा, कॅमेरा!" आणि थोड्या वेळाने, "बाबा, गेला!" आई कौतुकाने हसते. नियम कोणासाठी पाळायचे आणि कुठवर पाळायचे, हा नागरिकशास्त्राचा धडा पुस्तकात इतक्या लवकर येत नाही. हे पोर अठराव्या वर्षी परवाना काढील तेव्हा त्याला शिकवायचे फारसे काही उरलेले नसेल.

आकड्यांचा बाऊ करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या अपघातांत गेली. महाराष्ट्राचा वाटा १५,२२४ होता. या अपघातांची बहुसंख्य ठिकाणे कॅमेऱ्यापासून ५०० मीटरच्या बाहेर असणार हे उघड आहे, म्हणजे कॅमेऱ्याजवळ आपण किती सुरक्षित वागतो हेच त्यातून दिसते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा धोकाही आपण दोन कॅमेऱ्यांच्या मधल्या भागातच पत्करतो. सरकारी मालमत्तेच्या आसपास कोणी मरू नये, इतकी काळजी तर आपण घेतोच.

तरीही या सोयीत एक उणीव राहिली आहे आणि ती उपकरणे बनवणाऱ्यांनी मनावर घ्यावी. चालकाला कॅमेरा आधी कळतो, टोलनाका आधी कळतो, पेट्रोलपंप आणि फूड मॉलही आधी कळतात. उर्से टोलनाक्याजवळ ओझर्डे येथे अपघातग्रस्तांसाठी उभारलेले ट्रॉमा केअर केंद्र आहे, ते मात्र आपणहून कोणी सांगत नाही. सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्याच्या खालच्याच ओळीत त्याचीही सोय असावी. ३०० मीटर, ५०० मीटर की एक किलोमीटर, हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि त्या वेळी गाडी चालवण्याच्या स्थितीत चालक नसेल, तर शेजारी बसलेल्याला ऐकू येईल इतका आवाज मोठा ठेवावा.