चिलखताचं अभ्यंग

तमिळनाडूत शनिवारी पुरुषांनी अंगाला तेल लावून न्हायची रीत आहे. गोविंदपुरमला विठ्ठलमंदिराबाहेर आमचे मेव्हणे नेमके शनिवारीच तिळाचं तेल चोळत बसले होते. स्वतःला नव्हे, गाडीला.

तेही सर्वांगाला नाही. चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या अंगाला काळ्या प्लास्टिकची पट्टी असते ना, तेवढ्याच भागाला. शोरूममध्ये तिला क्लॅडिंग म्हणतात. दोन उन्हाळ्यांत ती चुलीतल्या राखेसारखी होते.

"रफ लूक आहे, भावोजी! डोंगरात दगड उडू देत, फांद्या घासू देत, गाडीला काही होत नाही."

मी सभोवार पाहिलं. कावेरीचा त्रिभुज प्रदेश, ताटासारखा सपाट. आडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरं. उंच म्हणावं असं काही असेल तर देवळाचं शिखर. पुण्याहून इथवर त्या चिलखताला घासलेली एकमेव फांदी आमच्याच सोसायटीतल्या जास्वंदीची.

हे सोंग जुनंच. १९७७ साली फ्रान्समध्ये 'रँचो' नावाची गाडी आली. बाहेरून जंगलात निघालेली, आतून साधी दोन चाकांना ताकद देणारी. आपल्याकडे आता तिची नातवंडं दूध आणायला जातात.

मूळ गोम अशी की हे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन. त्यावर रंग सहजी धरत नाही, आधी खास अस्तर द्यावं लागतं. मग रंगच द्यायचा नाही! काजळी मिसळून काळं करायचं आणि गिऱ्हाइकाला 'दणकट' म्हणून सांगायचं. घराला गिलावा न करता 'रांगडा बंगला' म्हणून विकण्यातलाच हा प्रकार. आणि गिऱ्हाईक काय करतं? तेल आणतं. खोबरेल की तिळाचं, यावर पार्किंगमध्ये परिसंवाद झाला. एक जण बूटपॉलिशवाला निघाला. दुसऱ्याने बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने पट्टी भाजून काळी केली होती. आता पट्टी काळी आणि घरचं वातावरणही. तिसऱ्याच्या गाडीला कंपनीची पट्टी नव्हती म्हणून त्याने बाजारातून आणून चिकटवली होती. चौथ्याने होती ती गाडीच्या रंगात रंगवून घेतली होती. दुसऱ्याची गाडी विद्रूप आहे, यावर मात्र चौघांचं एकमत. "विठोबाही काळाच की," मेव्हणे म्हणाले. अरे, पण त्याला दर उन्हाळ्यानंतर पॉलिश लागतं का?

संध्याकाळी निघालो आणि गावाबाहेर मागचं चाक बसलं. डिकी उघडली. स्टेपनी नाही! भोक बुजवायच्या खळीची एक बाटली आणि छोटा पंप. २०२० मध्ये नियमच आला म्हणे: टायर ट्यूबलेस, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असलं की स्टेपनी नसली तरी चालते. कागदावर चालते हो, रस्त्यावर गाडी चालत नाही! टायर कडेला फाटलेला, तिथे बाटली काय करणार? डोंगराच्या नावाने चारी कमानींना ढाली ठोकता, पुढे चंदेरी रंगाचं प्लास्टिक लावून लोखंडाचा आव आणता, छतावर सामान न पेलणाऱ्या दांड्या बसवता, आणि एक चाक द्यायला जीव जातो? त्या पट्ट्यांच्या पैशांत निदान अर्धी स्टेपनी तरी आली असती!

पंक्चरवाला मोपेडवरून आला. तोवर शेजारून ट्रॅक्टर, बस, लॉरी गेल्या. तेलकट पट्टीवर सगळी धूळ जाड थराने बसली. गाडी खरोखरच वाळवंट ओलांडून आल्यासारखी दिसू लागली.

मी फडकं काढलं. मेव्हण्यांनी हात धरला.

"राहू दे, भावोजी. आधी फोटो काढू."