चुलीच्या धुरास खुले पत्र

चवदार तळे, महाड

धुरा,

तुला 'प्रिय' म्हणवत नाही. इथल्या बायकांचे डोळे तू जाळलेस, छात्या भरल्यास, आणि तुला घरातलाच समजून आम्ही गप्प राहिलो.

महाड एमआयडीसीच्या चिमणीचा वास आला की आम्ही ओरडतो. तिच्यासाठी १९८१ चा कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. तू पोलादपूरच्या डोंगरवाडीतल्या घरात माणसाच्या छातीपर्यंत उतरतोस, तिथे यंत्र घेऊन कोणी फिरकत नाही.

पावसाळ्यात तर तुझं फावतंच. लाकूडफाटा ओला, दार लावलेलं. बाई फुंकणी फुंकतेय, तव्यावर नाचणीची भाकरी, मांडीवर पोर. तुझे बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. पोराला न्यूमोनिया, आईला जुनाट दमा, आजीला मोतीबिंदू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुराने जगभरात ३२ लाख माणसं गेली. त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं.

म्हणे तू वासे किडीपासून राखतोस! वासे राखलेस आणि माणसं पोखरलीस.

तुला घरात ठेवणारे मात्र आम्हीच. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅसची जोडणी मिळाली. पण पुढच्या सिलिंडरचे पैसे आधी रोख मोजायचे, अनुदान मागाहून खात्यात. हातावर पोट असलेल्या घरात एवढी रक्कम एकदम कुठून यावी? २०२४ पासून राज्य सरकार पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देतं. चांगलं आहे, पण पाच माणसांचं वर्ष तिनांत निघत नाही. मोळी फुकट मिळते असं आपण म्हणतो, कारण ती आणणाऱ्या बाईच्या मजुरीचा हिशेब कुणीच मांडत नाही. म्हणून सिलिंडर उरतो पाहुण्यांच्या चहापुरता.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी याच तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. माणूस म्हणून पाण्यावरचा हक्क इथे मागितला गेला. श्वासावरचा हक्कही मी इथूनच मागते. अनुदान वजा करूनच सिलिंडरचा दर घ्या, आणि सिलिंडर वाडीपर्यंत पोचवा. आणि दवाखान्यात खोकत आलेल्या पुरुषाला जसं 'विडी ओढता का?' विचारतात, तसं बाईला 'घरात चूल आहे का?' विचारा, आणि उत्तर केसपेपरवर लिहा. त्या कागदावर, धुरा, तुझं नाव पडलंच पाहिजे.