पाच लाख ओळींची वरात

डेटा भरायला वेळ लागला की आपल्याकडे उपाय एकच सुचवला जातो: ‘सर्व्हर वाढवा.’ नक्की काय वाढवायचं, उंची की रुंदी, हे सांगणारा मला अजून भेटायचाय. एका पतसंस्थेचे जुने व्यवहार पोस्टग्रेसमध्ये भरायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा चेअरमन अण्णांनीही खुर्चीत बसता बसता हेच सुचवलं. पाचेक लाख ओळी होत्या, आणि स्क्रीनवरचा आकडा काही केल्या पळत नव्हता.

“मशीन हँग झालंय का हो?”

“नाही अण्णा, कमिट करतंय.”

“मग करू दे की. आम्ही कुठं नाही म्हणतोय?”

नाही म्हणायलाच हवं होतं. भरणीचा प्रोग्राम कुणा पूर्वसूरींनी लिहिलेला. एक ओळ घाला, कमिट करा. दुसरी घाला, कमिट करा. आता कमिट म्हणजे नुसतं ‘हो, झालं’ म्हणणं नव्हे. डेटाबेस आधी आपल्या लॉगमध्ये नोंद करतो, ती डिस्कवर खरोखर उमटली याची खात्री करून घेतो आणि मगच पुढचं पाऊल टाकतो. लग्नाची वरात दर चार पावलांवर थांबून नाचते, तशातला प्रकार. त्यात डिस्क जुनी, फिरती. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. फेऱ्यामागे एक कमिट धरला तरी पाच लाखांना एक तास दहा मिनिटं, तीही सगळं सुरळीत चाललं तर. प्रोसेसर तोवर हातावर हात ठेवून बसलेला. तो दुप्पट ताकदीचा आणला म्हणून डिस्क काही जादा फेरा मारत नाही.

आमच्यातल्या एका उत्साही मुलानं एफसिंकच बंद करायचं सुचवलं. म्हणजे डिस्कवर उमटलं का, हे विचारायचंच नाही. वेग येतो, खोटं नाही. पण मध्येच वीज गेली तर अख्खा डेटाबेस असा बिघडू शकतो की दुरुस्तीची आशाच नको. पावसाळ्याचे दिवस होते आणि यूपीएसच्या बॅटरीचं वय कुणालाच सांगता येत नव्हतं. मुलाला चहा आणायला पाठवलं.

खरा तोडगा साधा होता. ओळी एकेक करून न घालता ‘कॉपी’ या आज्ञेनं सगळी फाइल एकदम आत घ्यायची, आणि कमिट शेवटी एकच. मात्र ‘कॉपी’चा स्वभाव कडक. एक ओळ बिघडली की सगळी भरणी रद्द. (२०२४ मध्ये आलेल्या सतराव्या आवृत्तीत चुकीच्या किमतीची ओळ सोडून पुढं जायची सोय झाली, पण कॉलमच जास्त निघाले तर ती सवलत नाही.) आमची फाइल स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली, आणि पत्ता? ‘मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. सातारा.’ मराठी माणूस पत्ता लिहायला बसला की स्वल्पविरामात काटकसर करत नाही. एका सभासदानं तर ‘मारुतीच्या देवळामागे, विहिरीजवळ, पूर्वीचे घर’ असंही लिहिलेलं. पोस्टग्रेसला त्यात दोन जादा कॉलम दिसले आणि तो अडून बसला. पत्ते अवतरणचिन्हांत कोंडण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा प्रत्यक्ष भरणीत गेला नाही.

मग इंडेक्स. दर ओळीगणिक ते सांभाळत बसण्यापेक्षा आधी काढून टाकायचे आणि भरणी झाल्यावर एकदाच बांधायचे. फॉरेन कीचंही तेच. ओळ येतेय तोच ‘हा सभासद आपल्यात आहे का?’ असं दारात विचारायचं नाही. सगळे आत आले की हजेरी घ्यायची. बांधणीसाठी मेमरी थोडी सढळ हातानं दिली, शेवटी ‘अ‍ॅनलाइझ’ चालवलं, नाहीतर क्वेरी जुन्या अंदाजावरच चालतात. चहा येईपर्यंत व्यवहार आत होते. अण्णा खूश. सर्व्हरचे पैसे वाचले म्हणून जास्त.

राहिली हजेरी. सभासदांच्या टेबलावर प्रायमरी की लावायला गेलो, तर डेटाबेसनं साफ नकार दिला. एकाच सभासद क्रमांकावर दोन नावं. वडील वारल्यावर मुलानं तोच क्रमांक पुढं चालवला होता, आणि वडिलांचं नाव कमी करायचं राहून गेलेलं.

“अण्णा, यातलं कुठलं ठेवू?”

अण्णांनी चष्मा वर करून दोन्ही नावं वाचली.

“दोन्ही राहू द्या. वार्षिक सभेला कोरम लागतो.”