भंगारवाला येण्याआधी

ऑक्टोबर २०२३. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि अख्खं शहर हळवं झालं. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली ती गाडी. तिचे फोटो निघाले, तिच्यावर लेख आले, एक तरी पद्मिनी जपून ठेवा अशी मागणी झाली. त्याआधीची वीस वर्षं ही मंडळी कुठे होती?

मागच्या सीटवर. कुरकुर करत.

आपलं हे नेहमीचंच. गाडी रस्त्यावर असते तोवर तो डबा असतो, गेली की तो वारसा होतो. पद्मिनी कुर्ल्यात जन्मली. तिचे सुटे भाग काढून विकणारी दुकानंही कुर्ल्यातच, सीएसटी रोडला. जन्म आणि दहावं एकाच गावात.

मग आजच्या कोणत्या गाडीसाठी आपण २०४५ साली गळा काढणार आहोत? आणि तेव्हा दाखवायला एक तरी शिल्लक असेल का?

शोरूममध्ये विचारलंत तर उत्तर तयार असतं: लिमिटेड एडिशन घ्या. म्हणजे दारावर पट्टा, मागे बिल्ला आणि बिलावर जादा आकडा. पट्टा चिकटवून गाडी क्लासिक होत नसते. क्लासिक होते ती कुणाच्या तरी आयुष्याला चिकटलेली गाडी.

फोक्सवॅगनने २०१६ साली तीन दारांची पोलो जीटीआय आणली. भारताच्या वाट्याला ९९ गाड्या, किंमत २६ लाखांच्या घरात. तिला गिऱ्हाईक आज आहे, उद्याही राहील. पण माझा पैसा चाकणच्या साध्या पोलोवर, त्यातही जीटी टीएसआयवर. २०१३ साली अकरावीतल्या कितीतरी पोरांच्या मोबाइलवर हिचा फोटो होता. बापाने घेतली नाही, कारण ‘सर्व्हिस महाग’. ती पोरं पन्नाशीला येतील तेव्हा हाताशी पैसा असेल आणि शोध एकाच गाडीचा असेल. जुन्या गाड्यांचा बाजार जगभर याच हिशेबावर चालतो. सोळाव्या वर्षी जे मिळालं नाही, ते पन्नासाव्या वर्षी वाटेल त्या भावाने.

फियाट पालिओ १.६ आठवते? २००१ साल. जाहिरातीत साक्षात सचिन. चालवायला रस्त्याला चिकटून धावणारी, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. मग गेली का?

‘अॅव्हरेज देत नाही.’

या तीन शब्दांनी आपल्याकडे जितक्या चांगल्या गाड्या मारल्या, तितक्या खड्ड्यांनीही मारल्या नाहीत. होंडा सिटी व्हीटेक त्याच काळातली. आज धडधाकट, न छेडलेली व्हीटेक शोधून दाखवा. निम्म्या गाड्यांना रुंद टायर आणि फाटका सायलेन्सर लावून पोरांनी त्यांचा जीव घेतला.

आता नॅनो. नाव काढलं की लोक हसतात. हसू नका. मागे ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, पुढे एकच वायपर, चाकाला चार नव्हे, तीनच नट. लाख रुपयांत गाडी बसवताना कुठे काय वाचवलं हे एकेका भागावर वाचता येतं. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का बसू देणं चूक होती, हे खुद्द रतन टाटांनीच नंतर मान्य केलं. दारात नॅनो उभी करायची लाज वाटली, म्हणून ती खपली नाही. पूर्व जर्मनीच्या ट्राबांटवरही जग असंच हसलं होतं. आज बर्लिनमध्ये पर्यटक पैसे मोजून तिच्यात बसतात.

पहिल्या वर्षांतली, मूळ रंगातली नॅनो कुणाकडे असेल तर एक विनंती. तिला अलॉय लावू नका.

नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटांनी सिएरा हे नाव परत आणलं आणि एकाएकी सगळ्यांना जुनी सिएरा आठवली. नव्या गाडीत मागच्या त्या काचेचा आभास आहे. मूळ काच बघायची असेल तर भोसरीला या. एका शेडमध्ये, पत्र्याच्या पिंपांच्या मागे, १९९१ साली आलेल्या त्या पहिल्या सिएराची एक बहीण उभी आहे. तीन दारं, मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून आत शिरायचं. आणि मागच्या कुशीला ती काच: खिडकीतून वर जाते, वळते आणि थेट छपराला भिडते. उघडत नाही. तिला दोन्ही बाजूंनी जुनी गोधडी बांधलेली आहे. गाडीला नाही, फक्त काचेला. कारण मिस्त्रीला पक्कं ठाऊक आहे की इंजिनाचे भाग टाटांच्याच २०७ पिकअपच्या जिवावर मिळून जातील, पत्रा ठोकून होईल, पण ती काच गेली तर गाडी गेली.

कुठल्याही महागड्या संग्रहालयात मी इतकी माया पाहिलेली नाही.

आणि आता खरी अडचण. सिएरा मिस्त्रीच्या हातात जगते. आजची गाडी कुणाच्या हातात जगणार? कार्बोरेटर उघडून फुंकर मारता येते, स्क्रीनला फुंकर मारून काय होणार? दार, दिवे, ब्रेक, एसी, सगळं संगणकाच्या परवानगीने. उंदराने एक वायर कुरतडली तर पावसाळाभर गाडी वर्कशॉपमध्ये. तीस वर्षांनी त्या स्क्रीनचा पार्ट मिळेल? अॅप चालेल? कंपनी तरी देशात असेल?

शेवरोले गेली, फियाट गेली, फोर्डने कारखाने बंद केले. ज्यांच्याकडे त्यांच्या गाड्या आहेत त्यांना विचारा, दरवाजाचं साधं रबर मिळवायला किती फोन लागतात.

म्हणून इलेक्ट्रिक गाड्यांत माझं मत रेवाला. २००१ सालची, बंगळूरची, लंडनमध्ये जी-विझ म्हणून फिरलेली. ठेंगणी, दोन मोठ्या माणसांची आणि मागे फार तर दोन पोरांची. पण आत साध्या लेड-अॅसिड बॅटऱ्या, वायरिंग समजणारा मिस्त्री नव्या बसवू शकेल. आजच्या बंद पेटीतल्या बॅटरीबद्दल हे कोण छातीठोकपणे सांगेल?

समजा तुम्ही गाडी जपली. मूळ सीट, मूळ रंग, दुसरी किल्ली, सगळं. पुढे सरकार उभं.

२०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार व्हिंटेज म्हणून नोंद व्हायला गाडीच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना फिवा ३० वर्षं पुरेशी मानते. आपण २० वर्षं जादा का मागतो? पंधराव्या वर्षानंतर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि फेरनोंदणी. म्हणजे पन्नाशी गाठेपर्यंत सात खेपा. पंधरा वर्षांपुढच्या कारला ५,००० रुपये, २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या कारला १०,००० रुपये, वर पर्यावरण कर. दिल्ली परिसरात तर १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल हटवण्याचा आदेश २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. त्यावरून खटाखटी अजून चालूच. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत.

प्रदूषणाचा मुद्दा मला मान्य आहे. रोज धूर सोडत फिरणारी गाडी थांबलीच पाहिजे. पण महिन्यातून एका रविवारी बाहेर पडणाऱ्या गाडीने शहराची हवा किती बिघडते? तीस वर्षांपुढच्या, मूळ स्थितीतल्या, ठरावीक किलोमीटर चालणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी नोंद हवी. फुकट नको, सवलत नको. फक्त जगू द्या.

नाहीतर इंडिकाचं काय झालं ते बघा. डिसेंबर १९९८ मध्ये आलेली, आपल्याकडे घडलेली, पिंपरीत बनलेली गाडी. २०१८ पर्यंत ती बनत होती. टॅक्सी म्हणून राबराब राबली आणि संपली. पहिल्या पिढीची इंडिका तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?

आमच्या घरची २०१५ साली भंगारात गेली. क्रेनला लटकली तेव्हा मागच्या काचेवर आईने लावलेला गणपती उलटा झाला होता. मी गेटपाशी उभा राहून बघत होतो, अडवावं असं तेव्हा सुचलंसुद्धा नाही. तशी गाडी पुन्हा मिळावी म्हणून गेली चार वर्षं विचारतोय.

परवा चिंचवडहून फोन आला. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये १९९९ ची डिझेल इंडिका, एकच मालक, वय ८१. मूळ आरसी बुक, सर्व्हिसच्या पावत्या आणि दुसरी किल्ली दुधाच्या पिशवीत बांधून ठेवलेली. सोसायटीने गाडी हलवायची नोटीस काढलीय आणि भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितलाय. तो सोमवारी येणार आहे.

मी रविवारी सकाळी सातला पोचतोय. हवा भरायचा पंप आणि नवी बॅटरी घेऊन.