साडू, फुलपाखरं आणि गोणीभर मटार

मार्केट यार्डात राहणाऱ्या माणसाला निसर्गप्रेमी म्हणून कोणी गंभीरपणे घेत नाही. बाणेर-पाषाणवाल्यांचं बरं असतं. खिडकीतून टेकडी दिसते, नुसता चहा पीत उभं राहिलं तरी पक्षिनिरीक्षण होतं. मी कुठल्याही निसर्गमंडळात नाव-पत्ता सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग काय, कांदा काय भावानं चाललाय?"

त्यात माझे साडू टेक्सासात. हिवाळ्यात ते मेक्सिकोतल्या मिचोआकानला मोनार्क फुलपाखरं बघायला गेले आणि घरच्या ग्रुपवर फोटोंचा रतीब सुरू झाला. थेट कॅनडापासून हजारो किलोमीटर उडत आलेली लाखो फुलपाखरं, तीन हजार मीटर उंचीवरच्या ओयामेल वृक्षांना इतकी लगडलेली की फांद्या वाकलेल्या. गावकऱ्यांना ती जागा कायमच ठाऊक होती, पण शास्त्रज्ञांना तिचा पत्ता लागला १९७५ च्या जानेवारीत. २००८ मध्ये जागा युनेस्कोच्या यादीत गेली. हे सगळं साडूंनी न विचारता पुरवलं. मोनार्क तिथे पोचतात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नेमक्या मृतांच्या सणाला, आणि लोक त्यांना घरी परतलेले पूर्वज मानतात, हेही त्यांनी लिहिलं होतं. मी आईला वाचून दाखवलं.

"त्यांचे पितर फुलपाखरं होऊन येतात होय?" आई म्हणाली. "आपले मेले कावळे होतात, आणि वर पिंडाला शिवायलाही भाव खातात."

साडूंना उत्तर देणं भाग होतं. स्थलांतर काय मेक्सिकोतच होतं? आपल्याकडेही ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो ही मंडळी पावसाच्या तोंडाशी पश्चिम घाटातून दक्षिणेतली मैदानं गाठतात आणि पाऊस ओसरला की मागे फिरतात. तेव्हा मी ऑक्टोबरात आंबोली गाठली. त्याआधी अर्थात टोपी घेतली, भरपूर खिशांचं जाकीट घेतलं आणि झाडीत मिसळून जाणारी ठिपक्याठिपक्यांची पँट घेतली. ती घालून जिन्यातून उतरताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "इलेक्शन ड्युटी लागली का?"

आंबोलीत फुलपाखरं होती, भरपूर होती. वाळत चाललेल्या खुळखुळ्यावर ब्लू टायगरचे नर गर्दी करून बसले होते. त्या झाडातलं कडू विषारी द्रव्य ते शोषून घेतात आणि त्यापासून माद्यांना भुलवणारा गंध तयार करतात. म्हणजे जाकीट विकत घेण्याचाच प्रकार, फक्त त्यांच्या बाबतीत उपयोग होतो. इतक्यात एक फुलपाखरू माझ्या खांद्यावर येऊन बसलं. मी श्वास रोखला. निसर्गानं मला ओळखलं, स्वीकारलं, असं काहीतरी मनात जुळत होतं, ग्रुपवर टाकायला वाक्यही तयार होत होतं, तेवढ्यात सोबतचा मुलगा म्हणाला, "तां घामाक बसलाहा. मीठ लागता तेंका."

आता मटार. हा विषय निघाला की मला आवरत नाही, तेव्हा फुलपाखरांनी जरा थांबावं. हिवाळ्यात भाव उतरला की घाऊक गाळ्यावरून अख्खी गोणी उचलायची आणि चार घरांत वाटून घ्यायची, हा आमच्या भागातला खरा सण. सोललेला मटार पाकिटातून आणणाऱ्या लोकांविषयी मला दया वाटते. वर्तमानपत्र पसरायचं, टीव्ही लावायचा. मालिका मात्र अशी हवी की मान वर न करता कळावी, आणि तशा पुष्कळ असतात. सोलताना तोंडात किती टाकायचे याची मोजदाद पाहुण्यांची होत नाही, घरच्यांची होते. टपोऱ्या शेंगा स्वतःकडे ओढून पोचट शेंगा दुसऱ्याच्या ढिगात सरकवणारा माणूस घरोघरी असतो. आमच्याकडे तो मी. सालांचीही भाजी होते असं आई दरवर्षी सांगते. ती भाजी खाल्लेला माणूस मला अजून भेटलेला नाही, पण ती होते. साठवणीचा मटार मार्चपर्यंत पुरवायचा, असा दरवर्षी निर्धार असतो आणि संक्रांतीच्या आत त्याच्या करंज्या होऊन जातात. आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना कोणीतरी किंचाळतं: अळी!

तर ती अळी. बऱ्याचदा ती घाटेअळी असते, म्हणजे पुढे पतंग होणारी. पण एखादी असते पी ब्लू नावाच्या छोट्याशा, जांभळट निळ्या फुलपाखराची. मटार, तूर, चवळी, शेंग असली की तिला चालते. आणि हा प्राणी पट्टीचा प्रवासी. हीच जात युरोपातून खाडी ओलांडून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला पोचते तेव्हा तिथले निसर्गप्रेमी धावत सुटतात. २०१३ मध्ये तिनं तिथे अंडी घातली, तर त्याचं केवढं कौतुक झालं. आमच्याकडे ती सुपातून थेट कचऱ्याच्या डब्यात जाते. मी एका अळीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली ही सगळी आंतरराष्ट्रीय माहिती लिहिली. साडूंनी अंगठा दाखवला. मेहुणीनं विचारलं, "मटार काय भाव मिळाला?"

यात हसण्यासारखं नाही असंही थोडं आहे. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू जाहीर केलं; देशात असं करणारं हे पहिलं राज्य. आमच्या सोसायटीनं त्याचं मोठं चित्र लावून फुलपाखरू उद्यान करायचा ठराव एकमतानं केला. पुढे त्याच उद्यानातल्या लिंबाच्या पानांवर अळ्या दिसल्या आणि फवारणीचा ठरावही एकमतानं झाला. ब्लू मॉर्मनची अळी लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते, हे मी सभेत सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, "वाढू दे ना, पण आपल्या आवारात कशाला?" चिडून उपयोग नव्हता, पण चिडलो. आमचं कोणतं पीक जात होतं? चार पानं जात होती.

ही चीड घेऊनच मी एका सकाळी फळबाजारात डाळिंबं घ्यायला गेलो. सांगोल्याकडचे एक शेतकरी आपला माल लावून बसले होते. भाव विचारण्याच्या निमित्तानं मी आंबोली काढली, खुळखुळा काढला, सोसायटीची फवारणी काढली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाजूच्या क्रेटमधून एक डाळिंब उचलून माझ्या हातात दिलं. लालबुंद, वजनदार, आणि कुशीला पेन्सिल जाईल एवढं भोक. आत दाण्यांचा काळा चिखल.

"हेबी फुलपाखरूच हाय, साहेब," ते म्हणाले. "फुलावर अंडी घालतंय. बारकी अळी आत शिरती, आन् बाहेरनं फळ झ्याक दिसतंय."

डाळिंबाच्या कळीपासून तोडणीपर्यंत पाच-सहा महिने जातात. तेवढे दिवस पाणी, खत, औषध, राखण. मागे भोकाच्या फळांचा आणखी एक क्रेट होता, तो त्यांनी लिलावात मांडलाच नव्हता. मी जाकिटाची चेन वर ओढली. तेवढंच करण्यासारखं सुचलं. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "पण दिसायला फार सुंदर असतं हो ते."

"आसंल की," ते म्हणाले. "तुमचं एवढं प्रेम हाय तर घेऊन जावा सगळी त्या आंबोलीला. टेम्पोचं भाडं मी देतो."